लशीनंतर नजर अंधुक झाली तर

लस घेतली की दंड दुखतो, रात्री कणकण येते, हे आपल्या हिंगणी गावातल्या घराघरांत ठाऊक आहे. पण काही दिवसांनी एका डोळ्यापुढे करडा डाग दिसू लागला, प्रकाश चमकू लागला किंवा सरळ रेघ वाकडी दिसू लागली, तर?

असे अगदी क्वचित घडते. फ्लू, हिपॅटायटिस-बी, कोविड यांच्या लशींनंतर डोळ्याच्या पडद्याला किंवा त्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराला सूज आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यातला एक आजार अमेरिकी नेत्रतज्ज्ञ डोनाल्ड गास यांनी 1968 मध्ये वर्णिला. त्यात बाहुली मोठी करून पाहिल्यावर पडद्याच्या तळाशी मलईच्या रंगाचे चट्टे दिसतात. बहुतेकांची नजर काही आठवड्यांत बरीच सुधारते. लशीने जागी झालेली प्रतिकारशक्ती डोळ्यातल्याच पेशींवर उलटत असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे. मात्र हाच आजार साध्या विषाणू-तापानंतरही होतो. म्हणून लशीनंतर त्रास झाला एवढ्यावरून तो लशीमुळेच झाला असे ठरत नाही. तसेच, लस निर्दोष ठरवायची म्हणून रुग्णाची तक्रार झटकणेही चूकच.

उलट बाजूही पाहायला हवी. गरोदरपणी रुबेला झालेल्या मातांची बाळे मोतीबिंदू घेऊन जन्मू शकतात, हे ऑस्ट्रेलियाचे नॉर्मन ग्रेग यांनी 1941 मध्ये दाखवले. रुबेला अशा बाळांच्या पडद्यावरही काळे-पांढरे ठिपके उमटवतो. गोवराचा विषाणू काही मुलांच्या मेंदूत दडून काही वर्षांनंतर डोके वर काढतो. त्यात कधी पडदाही सडतो. या दोन्हींपासून वाचवणारी गोवर-रुबेला लस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत मोफत मिळते.

शंका आली तर भिंतीवरच्या कालनिर्णय दिनदर्शिकेसमोर उभे राहा. चष्मा असेल तर लावा, एक डोळा झाका आणि दुसऱ्याने एका चौकटीकडे टक लावा. मग डोळा बदला. रेघा वाकड्या दिसल्या, मध्येच चौकट गायब झाली, तर वाट पाहू नका. लहान मूल तक्रार सांगू शकत नाही. ते वस्तू चाचपू लागले, एक डोळा झाकल्यावर चिडू लागले, तर दाखवाच.

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि कोणती लस केव्हा घेतली ते सांगा. आशाताई वा परिचारिकेलाही कळवा, म्हणजे लसीकरणानंतरच्या त्रासाची सरकारी नोंद होईल आणि कारण तपासले जाईल. लस चुकवू नका आणि डोळ्याची तक्रारही लपवू नका.