टोकियोतल्या तबकडीची दुसरी फेरी

मिदोरी ताकादा या तालवादिकेने १९८३ साली ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ ही तबकडी केली. ध्वनिमुद्रण दोन दिवसांत उरकलं. मरिंबा, गाँग, ओकारिना, कोलाच्या बाटल्या असं सगळं त्यांनी एकटीने वाजवलं आणि एकावर एक थर चढवत नेले. तबकडी फारशी खपली नाही. ताकादा पुढे दिग्दर्शक तादाशी सुझुकी यांच्या नाटकांसाठी संगीत करू लागल्या. जुन्या प्रती मात्र संग्राहकांमध्ये शेकडो डॉलरना हिंडत राहिल्या. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडची एक छोटी कंपनी आणि न्यूयॉर्कची ‘पाल्टो फ्लॅट्स’ यांनी ती पुन्हा काढली आणि ताकादा जगभरच्या रंगमंचांवर वाजवू लागल्या.

याचं श्रेय सहसा यूट्यूबला दिलं जातं. ‘हेही ऐका’ म्हणून शेजारी आलेल्या शिफारशींमुळे लाखो लोकांनी ही तबकडी ऐकली, हे खरंच. पण शिफारस गाणं कानापर्यंत पोचवते, तिथे तिचं काम संपतं. तबकडी पुन्हा छापायची, किंवा तिच्यातून नवं गाणं घडवायचं, तर कोणाला तरी माणसं, कागद आणि टेप शोधत फिरावं लागतं.

त्या काळातल्या जपानी संगीताला सरसकट ‘विस्मृतीत गेलेलं’ म्हणण्याआधी थोडं थांबायला हवं. मारिया ताकेउची जपानमध्ये मोठ्या गायिका होत्या आणि आहेत. त्यांचं यूट्यूबवर गाजलेलं गाणं ‘प्लास्टिक लव्ह’ ज्या ‘व्हरायटी’ अल्बमवर आहे, तो १९८४ साली तिथल्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. जपानबाहेर तो पोचला नाही, एवढंच. संगीतकार हिरोशी योशिमुरांची गोष्ट वेगळी. त्यांच्या नऊ छोट्या रचना १९८२ साली ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’ म्हणून निघाल्या. काढणारी कंपनी होती सातोशी आशिकावा यांची चिमुकली ‘साउंड प्रोसेस’. पुढच्याच वर्षी आशिकावा अपघातात गेले. मागे मोठी कंपनी नसलेलं असं संगीत मायदेशातही सहज हरवतं.

शोधाची सुरुवात दुकानात होते. टोकियोत जुन्या रेकॉर्डची दुकानं भरपूर, आणि जपानी माणूस वस्तू जपून वापरतो. चाळीस वर्षांपूर्वीची तबकडीही कव्हरभोवतीच्या कागदी पट्टीसकट मिळते. मुरलेला शोधक गायकाच्या नावाआधी मागची बारीक अक्षरं वाचतो. सिंथेसायझर कोणी वाजवला, ध्वनिमुद्रक कोण, साल कोणतं? एका तबकडीवरचा वादक दुसऱ्या तबकडीचा पत्ता देतो. संगीतकार हारुओमी होसोनो यांचं नाव धरून निघालात तर १९७८ साली स्थापन झालेला ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ लागतो, भारताच्या प्रवासातून निघालेली ‘कोचीन मून’ लागते आणि ‘मुजी’ या दुकानासाठी केलेलं पार्श्वसंगीतही लागतं.

मुंबईतही असं घडलं आहे. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली जपानच्या रोलंड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही वाद्यं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ती तबकडी पुढे एका डच संग्राहकाला दिल्लीत सापडली. त्याने सिंग यांना मुंबईत गाठलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाली.

तबकडी सापडली की कागदांचं काम सुरू होतं, आणि बहुतेक प्रकल्प इथेच वर्षानुवर्षं अडकतात. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक चाल आणि शब्दांचा, म्हणजे संगीतकाराचा नि गीतकाराचा. जपानमध्ये तो बहुतांशी जासराक ही संस्था सांभाळते. दुसरा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. तो बहुधा कंपनीकडे असतो. कंपनी बुडालेली किंवा विकली गेलेली असेल, तर तो कोणाकडे गेला हे जुन्या करारांतून उकलावं लागतं. कलाकार हयात नसेल तर कुटुंबीयांशी बोलावं लागतं. मुदत संपायची वाट पाहण्यात अर्थ नाही. जपानने २०१८ च्या अखेरीस संरक्षणाची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेली, त्यामुळे १९८३ च्या ध्वनिमुद्रणाला २०५३ पर्यंत संरक्षण आहे.

छायाचित्राचा हक्क आणखी वेगळा. ‘प्लास्टिक लव्ह’ची जी चाहत्याने चढवलेली फीत यूट्यूबवर गाजली, तिच्यावर त्या गाण्याच्या नव्हे, ताकेउचींच्या आधीच्या एका सिंगलच्या कव्हरचा फोटो होता. छायाचित्रकार ॲलन लेव्हन्सन यांनी हरकत घेतली आणि कोट्यवधी वेळा ऐकली गेलेली ती फीत काही काळ गायब झाली.

मग टेप. मूळ मास्टर टेप हाती लागली तरी ती लगेच यंत्रावर चढवत नाहीत. त्या काळातल्या काही टेपांवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतली ओल शोषून घेतो. टेप यंत्राला चिकटते आणि थर खरवडला जातो. म्हणून अशी टेप सुमारे पन्नास-पंचावन्न अंश सेल्सियसच्या मंद उबेत कित्येक तास ठेवतात. चिकटपणा तात्पुरता जातो, तेवढ्यात संगीत संगणकावर उतरवून घ्यायचं. वाचणाऱ्या हेडचा कोन टेपशी जुळवावा लागतो. तो किंचित तिरका राहिला तरी वरचे स्वर मंदावतात आणि झांजेची चमक जाते. टेपच नसेल तर स्वच्छ तबकडी शोधून तिच्यावरून आवाज घेतात आणि खरखरीचे ठिपके एकेक करून काढतात. इथे हात आखडता घेणारा तंत्रज्ञ मला मोठा वाटतो. योशिमुरांच्या संगीतात शांततेलाही जागा आहे. खरखर पुसण्याच्या नादात ती जागाच पुसली गेली तर पुनर्प्रकाशनाला अर्थ उरत नाही.

यानंतर नवं घडवणारे येतात. ‘फ्यूचर फंक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात जुन्या गाण्यातला चार किंवा आठ आवर्तनांचा तुकडा निवडतात, बहुधा तंतुवाद्यं किंवा ब्रास जिथे उसळतात तो. मग वेग वाढवतात. सॅम्पलर साधेपणाने वापरला तर वेगाबरोबर पट्टीही चढते: गाणं सुमारे बारा टक्क्यांनी वेगवान केलं की पांढरी एकमधलं पांढरी दोनमध्ये जातं. गायिकेचा आवाज अधिक कोवळा, जरा बाहुलीसारखा होतो, तो यामुळे. प्रत्येक मात्रेवर जड किक ड्रम बसवतात आणि किक पडली की बाकीचा आवाज क्षणभर आपोआप दबेल अशी जोडणी करतात. सगळं गाणं श्वास घेतल्यासारखं फुगतं-आकसतं. ‘व्हेपरवेव्ह’ हा प्रकार उलट दिशेने जातो. पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी तेहतीसवर लावली की वेग चतुर्थांशाहून अधिक घटतो, पट्टी पाच स्वरस्थानांहून थोडी जास्त खाली येते आणि ओळखीची चाल जडावून वेगळीच होते.

कोरियाच्या नाइट टेम्पो या संगीत-निर्मात्याने २०१६ साली ‘प्लास्टिक लव्ह’वर असंच काम केलं आणि पुष्कळ तरुण श्रोते त्या वाटेने मूळ गाण्याकडे गेले. परवानगीशिवाय केलेल्या अशा तुकड्यांनी दारं उघडली, हे मान्यच. तरी मला त्याची पुढची पायरी अधिक महत्त्वाची वाटते. २०१९ पासून ‘शोवा ग्रूव्ह’ या मालिकेत त्याने कंपन्यांकडून अधिकृत परवानगी घेऊन जुनी गाणी नव्याने घडवली. सुरुवात ‘विंक’ या जोडीच्या गाण्यांपासून झाली. अधिकृत कामात मूळ ध्वनिमुद्रणापर्यंत पोचता येतं, श्रेय छापलं जातं आणि पैसे गाणं केलेल्यांकडे जातात.

‘द वीकेंड’ या पॉप गायकाच्या २०२२ च्या ‘आउट ऑफ टाइम’ या गाण्याचा पाया तोमोको आरान यांच्या १९८३ च्या ‘मिडनाइट प्रिटेंडर्स’वर आहे. नव्या गाण्याच्या लेखकांत आरान आणि मूळ चालीचे संगीतकार तेत्सुरो ओदा यांची नावं आहेत. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका, आधी जुनं. काय उचललं आणि काय तसंच ठेवलं, ते लगेच कळतं.