‘ताबा सुटला’ : मोटारीचे स्थैर्यनियंत्रण आणि वाक्यातील कर्ता

मराठी वृत्तपत्रांतील अपघातांच्या वार्तांत एक वाक्यखंड इतका रुळला आहे की, त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही : ‘चालकाचा ताबा सुटल्याने मोटार उलटली.’ कधी ‘ताबा’च्या जागी ‘नियंत्रण’ येते, एवढाच फरक. प्रस्तुत लेखात या वाक्यखंडाचा विचार करावयाचा आहे. परंतु तो केवळ व्याकरणाच्या अंगाने करून भागणार नाही. ताबा सुटतो तेव्हा प्रत्यक्षात काय सुटते, हे आधी यंत्राच्या व रस्त्याच्या अंगाने समजून घेतले पाहिजे. या कामी आजच्या शक्तिमान मोटारींतील एक लहानशी कळ आपल्याला विशेष उपयोगी पडेल. ती म्हणजे स्थैर्यनियंत्रण बंद करण्याची कळ.

१

हा प्रश्न प्रस्तुत लेखकास सुचला तो नृसिंहवाडीच्या वाटेवर. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाचा हा प्रदेश. जमीन काळी व खोल, पीक मुख्यतः उसाचे. गळिताच्या हंगामात शेतांतून निघणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर काळी माती डांबरी रस्त्यावर येते, तिच्यावर उसाचे पाचट पसरते आणि वरून पावसाची एखादी सर आली की, दिसावयास काळाभोर व सपाट असलेला रस्ता साबणासारखा निसरडा होतो. २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर तर ओसरत्या पाण्याने या भागातील रस्त्यांवर गाळाचे थर मागे सोडले होते.

दत्तजयंतीच्या सुमारास एका संध्याकाळी आम्ही शिरोळकडून वाडीस निघालो होतो. मोटार आतेभावाची, नवी, अतिशय शक्तिमान आणि मागच्या चाकांना गती देणारी. अवकाळी पाऊस नुकताच थांबला होता. ‘यंत्राच्या लुडबुडीवाचून गाडी कशी चालते ते पाहा,’ असे म्हणून त्याने ती कळ काही क्षण दाबून धरली. पुढच्या एका साध्या वळणावर त्याने वेग किंचित वाढविला मात्र, मोटारीची पाठ बाहेर निघाली, ती एकदा उलट बाजूस झोकली गेली आणि आम्ही आल्या दिशेला तोंड करून उसाच्या फडात थांबलो. इजा कोणास झाली नाही. मात्र दर्शनास पायी निघालेल्या मंडळींचा एक जथा आम्ही जेमतेम पाच मिनिटांपूर्वी मागे टाकला होता. त्यांत मुले होती. ती मंडळी आमच्यापाशी पोचली व त्यांनी विचारपूस केली, तेव्हा आम्ही दोघांनीही एकच उत्तर दिले : ‘ताबा सुटला.’ हे उत्तर खोटे नव्हते. ते खरे होते काय, हा या लेखाचा विषय आहे.

२

चालत्या मोटारीचा रस्त्याशी संबंध चार ठिकाणी येतो आणि त्यांपैकी प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढे असते. वेग वाढविणे, थांबविणे व वळविणे ही तिन्ही कार्ये या चार तळहातांतील घर्षणावर चालतात. या घर्षणास आपण ‘पकड’ म्हणू. पकड ही मर्यादित ठेव आहे. तिचा जो अंश वेग वाढविण्यात खर्च होतो, तो वळण घेण्यास उरत नाही.

उदाहरणादाखल ५० मीटर त्रिज्येचे एक वळण घेऊ. कोरड्या, स्वच्छ डांबरी रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला, तर हे वळण ताशी सुमारे ७१ किलोमीटर वेगापर्यंत घेता येते. ओल्या रस्त्यावर गुणांक ०.४ धरला, तर ही सीमा ५० वर येते. मातीचा चिखल पसरला असता तो ०.२ पर्यंत उतरला, तर ती ३६ वरच थांबते. मोटार कितीही मौल्यवान असो, या सीमेत तिच्या मोलाने फरक पडत नाही. टायर उत्तम असतील तर गुणांक थोडा वाढेल इतकेच.

सीमा ओलांडली असता दोन प्रकार संभवतात. पुढच्या चाकांची पकड आधी गेली, तर स्टिअरिंग फिरवूनही मोटारीचे नाक सरळ वळणाबाहेर जाते. मागच्या चाकांची आधी गेली, तर पाठ बाहेर फिरते व मोटार स्वतःभोवती गिरकी घेऊ लागते. दुसरा प्रकार अधिक कठीण होय. कारण त्यात चालकास घसरणीच्या दिशेने स्टिअरिंग फिरवावे लागते, तेही नेमके तेवढेच आणि तत्काळ. ते उशिरा झाले किंवा वेळेवर परत सरळ केले नाही, तर मोटार लंबकाप्रमाणे उलट बाजूस अधिक जोराने झोकते. आमचे झाले ते हेच.

३

स्थैर्यनियंत्रण ही या संकटावरील योजना. बॉश कंपनीने विकसित केलेली ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एका महागड्या मोटारीत प्रथम आली. १९९७ मध्ये त्याच कंपनीची ए-क्लास ही लहान मोटार स्वीडनमधील एका चाचणीत, अचानक आडव्या आलेल्या सांबराला चुकविल्यासारखे वळण घेताना उलटली. त्यानंतर कंपनीने ही यंत्रणा त्या लहान मोटारीतही सरसकट बसविली आणि तिचा प्रसार वेगाने झाला.

तिचे कार्य समजण्यास सोपे आहे. स्टिअरिंग किती अंशांत फिरले आहे, यावरून चालकाला कोठे जावयाचे आहे हे ती ओळखते. चारही चाकांची गती, मोटारीचे आडवे त्वरण आणि उभ्या अक्षाभोवती फिरण्याचा तिचा वेग, यांवरून मोटार खरोखर कोठे चालली आहे हेही ती ओळखते. ही तुलना ती सेकंदाला सुमारे २५ वेळा करते. दोहोंत अंतर पडू लागताच ती इंजिनाची शक्ती कमी करते आणि एखाद्याच चाकास ब्रेक लावते. पाठ बाहेर निघत असेल, तर वळणाच्या बाहेरील अंगाच्या पुढच्या चाकास; नाक बाहेर जात असेल, तर आतील अंगाच्या मागच्या चाकास. एकाच चाकास ब्रेक लावणे हे मनुष्याच्या पायास अशक्य आहे, कारण त्याच्या पायाखाली ब्रेक एकच असतो.

अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा प्रशासनाने २००७ मध्ये नियम करताना असा अंदाज दिला होता की, या यंत्रणेमुळे इतर वाहनाशी संबंध नसलेले अपघात साध्या मोटारींत ३४ टक्के व उंच मोटारींत ५९ टक्के कमी होतील. तेथे २०१२ च्या प्रतिमानांपासून, तर युरोपीय संघात २०१४ अखेर सर्व नव्या मोटारींत ती सक्तीची झाली. भारतात २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या मूल्यांकनात तीन अथवा अधिक तारे मिळविण्यास ती आवश्यक आहे.

येथे एक भेद काटेकोरपणे ध्यानात ठेवला पाहिजे. ही यंत्रणा पकड वाढवीत नाही. ती फक्त असलेल्या पकडीचा व्यय शहाणपणाने करते. चिखलातील ३६ ची सीमा ती ४० करू शकत नाही. पकड रस्त्याची व टायरची, ताबा चालकाचा. यंत्रणा काम करते ती ताब्याच्या बाजूने.

४

मोटार जितकी शक्तिमान, तितकी ही बाब अधिक गंभीर का होते, हे आकड्यांनी पाहता येईल. १६०० किलो वजनाची मोटार घ्या. निम्मा भार मागच्या चाकांवर. ओल्या रस्त्यावर त्या दोन चाकांना मिळणारी एकूण पकड सुमारे ३१०० न्यूटन, कोरड्या रस्त्यावर ६३०० च्या आसपास. आता इंजिनाचे परिबल ५०० न्यूटन-मीटर, दुसऱ्या गिअरमधील एकूण गुणोत्तर ८ व चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर धरली, तर चाकाच्या परिघावर सुमारे १२,१०० न्यूटनचे बल येते. म्हणजे कोरड्या रस्त्याच्या पकडीच्या जवळजवळ दुप्पट आणि ओल्या रस्त्याच्या जवळजवळ चौपट. वळणावर तर त्या पकडीचा मोठा भाग आधीच खर्च झालेला असतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याची अर्धा इंच हालचाल सारी ठेव संपवून टाकते. यंत्रणा चालू असताना हे जाणवतही नाही. वेग बेताने वाढतो, समोरच्या फलकावर पिवळा दिवा क्षणभर लुकलुकतो आणि चालकाचा समज होतो की, हे कौशल्य आपलेच.

मग ही कळ ठेवलीच कशासाठी? तिला योग्य स्थान आहे. मोटार चिखलात रुतली असता चाके थोडी गरगरू द्यावी लागतात. यंत्रणा शक्ती तोडत राहिली, तर मोटार बाहेर निघत नाही. उसाच्या पाणंदीत अडकलेल्या मनुष्याने ती कळ अवश्य दाबावी, आणि डांबरावर येताच पुन्हा दाबावी. पुष्कळ मोटारींत थोडे दाबल्यास केवळ चाकांच्या गरगरण्यावरील बंधन सुटते, काही सेकंद दाबून धरल्यास त्याहून अधिक. इंजिन पुन्हा सुरू केले की यंत्रणा आपोआप जागी होते.

दुसरे स्थान शर्यतीच्या बंदिस्त मार्गाचे. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीच्या मार्गावर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. कार्टला स्थैर्यनियंत्रण नसते. इतकेच नव्हे, तर मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असतात. तेथे शिकणारी मुले पकडीची सीमा अंगाने ओळखावयास शिकतात, आणि शंभर वेळा घसरून शिकतात. फॉर्म्युला वनमध्येही चाकांचे गरगरणे रोखणाऱ्या यंत्रणेवर २००८ पासून बंदी आहे. पण तेथे रस्ता स्वच्छ असतो, समोरून कोणी येत नाही आणि घसरण्यास मोकळी जागा राखलेली असते. वाडीच्या रस्त्यावर यांपैकी एकही गोष्ट नाही.

५

आता पुन्हा वाक्याकडे वळू. मराठीत ‘सुटणे–सोडणे’, ‘तुटणे–तोडणे’, ‘फुटणे–फोडणे’ अशा धातूंच्या जोड्या आहेत. पहिल्यात क्रिया आपोआप घडते, दुसऱ्यात ती कोणी तरी करतो. ‘ताबा सुटला’ यात कर्ता ‘ताबा’ आहे; चालक षष्ठीत, म्हणजे नुसता धनी म्हणून उभा आहे. ‘गाडी घसरली’ यात तर तो वाक्यातच नाही. ‘मला गाडी आवरली नाही’ असे म्हटले की तो चतुर्थीत का होईना पण येतो, आणि आपली असमर्थता पदरात घेतो. इंग्रजीत ताबा गमावणारा चालक स्वतः कर्ता असतो. अर्थात म्हणून इंग्रज अधिक जबाबदार ठरतो, असे नव्हे.

वार्तेतील ‘सुटल्याने’ हे रूप आणखी एक पाऊल पुढे जाते. ते ताबा सुटणे हेच कारण म्हणून सांगते. वस्तुतः ते कार्य होय. त्याची कारणे वेग, चिखल, झिजलेला टायर, दाबलेली कळ ही. आणि ती सर्व त्या एका प्रत्ययाआड झाकली जातात. अपघातांच्या वार्तांवरून काही अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ही अडचण आरंभीच ओळखलेली बरी. हजार वार्ता गोळा केल्या, तरी हजार वेळा ‘ताबा सुटला’ एवढेच हाती लागेल.

‘ताबा’ हा शब्द फारसीतून आला. मुळात त्यात मागे चालणाऱ्याचा, अधीन असणाऱ्याचा अर्थ आहे. मोटार ताब्यात असते म्हणजे ती आपल्या इच्छेमागून चालते. स्थैर्यनियंत्रण करते ते नेमके हेच : इच्छा व गती यांतील अंतर मोजते आणि गतीला इच्छेच्या मागे आणते. ती कळ बंद करणारा मनुष्य यंत्राला दूर सारून मोटार अधिक आपल्या ताब्यात घेतो, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ताब्याचा जो भाग त्याचा कधीच नव्हता, तो तो सोडून देत असतो.

म्हणून त्या संध्याकाळी दिलेले उत्तर आता दुरुस्त करावयास हवे. ताबा सुटला तो वळणावर. सोडला गेला होता तो त्याआधी, कळ दाबली तेव्हा. सोडणारा आतेभाऊ होता, आणि शेजारी बसून ‘पाहू या’ म्हणणारा प्रस्तुत लेखक होता. त्या जथ्यातील मुलांना द्यावयाचे उत्तर एवढेच होते : ‘आम्ही ताबा सोडला.’