दुहेरी बॅटरीचे व्हेपिंग उपकरण

दुहेरी बॅटरीचे व्हेपिंग उपकरण हा ई-सिगारेटचा एक प्रकार आहे. त्यात बदलता येणारे दोन लिथियम-आयन विद्युतघट आणि द्रव भरण्यासाठी वेगळी काढता येणारी टाकी असते. पेटीसारख्या आकारामुळे अशा उपकरणांना ‘बॉक्स मॉड’ असेही म्हणतात. घटांतील ऊर्जेने टाकीतील तारेचे वेटोळे, म्हणजेच कॉइल, तापते आणि द्रवाचे एरोसोल तयार होते. वापरकर्ता ते तोंडाने ओढतो. बोलण्यात त्याला ‘वाफ’ म्हटले जात असले तरी प्रत्यक्षात ते सूक्ष्म द्रवकण आणि वायू यांचे मिश्रण असते.

अशा उपकरणाची कमाल शक्ती वॅटमध्ये छापलेली असते आणि खरेदीदार बहुधा त्याच आकड्यावरून उपकरणाची तुलना करतात. मात्र उपकरण किती शक्ती सुरक्षितपणे देऊ शकते, हे मुख्यतः त्यात बसवलेल्या घटांवर अवलंबून असते. भारतात या उपकरणांच्या उत्पादनावर, आयातीवर आणि विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये तंबाखू व धूर यांविना चालणाऱ्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये त्यांना ते मिळाले. मात्र त्या कल्पनेचे व्यापारी उत्पादन झाले नाही. आजच्या ई-सिगारेटचे श्रेय साधारणतः चिनी औषधनिर्माते होन लिक यांना दिले जाते. त्यांनी २००३ मध्ये आपली रचना विकसित केली. सुरुवातीची उपकरणे नेहमीच्या सिगारेटच्या आकाराची होती व त्यांतील बॅटरी लहान असे. अधिक काळ चालणारे आणि अधिक एरोसोल देणारे उपकरण हवे असलेल्या वापरकर्त्यांनी विजेऱ्यांमधील मोठे घट वापरून स्वतःच बदल करण्यास सुरुवात केली. अशा बदललेल्या उपकरणांवरून ‘मॉड’ हा शब्द रूढ झाला. २०१० च्या दशकात एक ओहमपेक्षा कमी रोधाच्या कॉइल प्रचलित झाल्या. त्यांना लागणारा मोठा प्रवाह एका घटाला पेलेना, म्हणून दोन घटांची उपकरणे बाजारात आली.

रचना

विद्युतघट: या उपकरणांत प्रामुख्याने १८६५० या आकाराचे घट वापरतात. या क्रमांकातील पहिले दोन अंक १८ मिमी व्यास आणि पुढचे दोन अंक ६५ मिमी लांबी दाखवतात. त्याचप्रमाणे २१७०० या घटाचा व्यास २१ मिमी आणि लांबी ७० मिमी असते. घटाचा सर्वसाधारण दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो व पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. घटाचे दोन गुण महत्त्वाचे मानले जातात: मिलिअँपिअर-तासांत मोजलेली धारकता आणि अँपिअरमध्ये मोजलेला सातत्याने देता येणारा प्रवाह. एकाच आकाराच्या घटात यांपैकी एक गुण वाढवल्यास दुसरा सहसा कमी होतो.

नियंत्रक परिपथ: सर्किट बोर्ड घटांचा दाब कमी-अधिक करून ठरवलेली शक्ती कॉइलला पुरवतो. शॉर्ट सर्किट, घट उलटे बसवणे, अतिशय कमी रोध, अतिउष्णता आणि घटांचा दाब फार खाली जाणे, अशा प्रसंगी पुरवठा बंद करणे हेही त्याचे काम असते. बहुतेक उपकरणांत बटण सुमारे दहा सेकंद सलग दाबले गेल्यास पुरवठा आपोआप थांबतो. ‘मेकॅनिकल मॉड’ नावाच्या प्रकारात असा कोणताही परिपथ नसतो; तेथे घट व कॉइल थेट जोडले जातात.

टाकी: टाकीत काचेची नळी, कॉइल, कापसाची वात, हवेचे प्रमाण बदलणारे कडे, गळती रोखणारी रबरी कडी आणि वर तोंडात धरायची नळी हे भाग असतात. टाकी उपकरणावर ७ मिमी व्यासाच्या आट्यांनी बसते. एका जुन्या मॉडेलच्या क्रमांकावरून या जोडणीला ‘५१०’ असे नाव पडले आहे. त्यामुळे एका उत्पादकाची टाकी दुसऱ्याच्या उपकरणावर बसू शकते आणि दोन्हींचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करावे लागते.

एकसर आणि समांतर जोडणी

दोन घट एकसर जोडल्यास त्यांच्या दाबांची बेरीज होते. पूर्ण चार्ज झालेल्या जोडीचा दाब ८.४ व्होल्ट होतो आणि दोन्ही घटांतून सारखाच प्रवाह वाहतो. समांतर जोडणीत दाब ४.२ व्होल्टच राहतो, पण प्रवाह दोघांत विभागला जातो.

नियंत्रक परिपथ असलेल्या उपकरणात या फरकाचा परिणाम वापरकर्त्याला फारसा जाणवत नाही. मेकॅनिकल प्रकारात मात्र तो निर्णायक ठरतो. ओहमच्या नियमानुसार ०.२ ओहमच्या कॉइलला ४.२ व्होल्ट दाब दिल्यास २१ अँपिअर प्रवाह वाहतो आणि सुमारे ८८ वॅट शक्ती खर्च होते. तीच कॉइल एकसर जोडीवर लावल्यास प्रवाह ४२ अँपिअर आणि शक्ती सुमारे ३५३ वॅट होते. दाब दुप्पट झाला की शक्ती चौपट होते. इतका प्रवाह १८६५० आकाराच्या घटाच्या मर्यादेपलीकडचा असतो.

छापील क्षमता आणि प्रत्यक्ष क्षमता

नियंत्रित उपकरणात घटांवर येणारा भार कॉइलच्या रोधावर नव्हे, तर निवडलेल्या शक्तीवर अवलंबून असतो. घट रिकामे होत जातात तसा त्यांचा दाब घटतो आणि तीच शक्ती देण्यासाठी त्यांतून अधिक प्रवाह घ्यावा लागतो. म्हणून हिशोब घट पूर्ण चार्ज असतानाचा न करता उपकरण बंद पडण्यापूर्वीच्या दाबाचा करतात.

हा दाब प्रत्येक घटासाठी ३.२ व्होल्ट आणि परिपथाची कार्यक्षमता ९० टक्के धरल्यास २०० वॅटसाठी प्रत्येक घटातून सुमारे ३५ अँपिअर प्रवाह जावा लागतो. १८६५० आकाराच्या अनेक चांगल्या घटांची सातत्याने प्रवाह देण्याची मर्यादा सुमारे २० अँपिअर असते. त्या मर्यादेत राहायचे तर दोन घटांच्या उपकरणाची शक्ती सुमारे ११५ वॅटवर थांबते. याचा अर्थ असा की ‘२०० वॅट’ असे छापलेले उपकरण ती शक्ती क्षणभर दाखवू शकले, तरी असे घट ती सुरक्षितपणे सातत्याने पुरवू शकत नाहीत.

घटांवर छापलेले आकडेही नेहमी विश्वसनीय नसतात. काही व्यापारी दुसऱ्या उत्पादकांचे घट विकत घेऊन त्यांवर स्वतःचे वेष्टन चढवतात आणि त्यावर वाढीव क्षमता छापतात. कधी क्षणिक प्रवाहाची मर्यादा ही सातत्याच्या प्रवाहाची म्हणून दिली जाते. त्यामुळे मूळ उत्पादकाचे तांत्रिक विवरणपत्र हाच तुलनेचा आधार मानला जातो.

उपकरण किती काळ चालेल याचाही अंदाज अशाच हिशोबाने बांधता येतो. २५०० मिलिअँपिअर-तासांच्या दोन घटांत मिळून सुमारे १८ वॅट-तास ऊर्जा असते. १०० वॅटवर तीन सेकंदांचा एक झुरका घेतल्यास परिपथातील ऱ्हासासह सुमारे ०.०९ वॅट-तास खर्च होतात. त्यामुळे कागदावर १९० च्या आसपास झुरके मिळतात, तर ५० वॅटवर याच्या दुप्पट. घटांचे वय आणि लवकर होणारा कट-ऑफ यांमुळे प्रत्यक्ष संख्या कमी असते.

टाकीचे मूल्यमापन

टाकीची गुणवत्ता ठरवताना वातीकडे द्रव पुरेशा वेगाने पोहोचतो का, हे आधी पाहतात. कॉइल जितक्या वेगाने द्रव खर्च करते तितक्या वेगाने तो वातीत न आल्यास वात कोरडी पडते, कापूस करपतो आणि द्रवाचे रासायनिक विघटन वाढते. द्रवाचे मुख्य घटक प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे असतात. पहिल्याचा उत्कलनबिंदू सुमारे १८८ अंश, तर दुसऱ्याचा सुमारे २९० अंश सेल्सिअस आहे. ग्लिसरीन अधिक दाट असल्याने त्याचे प्रमाण जास्त असल्यास वातीकडे जाणारी छिद्रे मोठी असावी लागतात. उलट पातळ द्रव मोठ्या छिद्रांतून गळतो.

हवेचा प्रवाह, गळती, कॉइलचे आयुष्य, काच बदलण्याची सोय आणि भरण्याच्या झाकणाची रचना हे इतर निकष होत. निकेल, टायटॅनियम किंवा स्टेनलेस स्टीलची कॉइल असल्यास काही उपकरणे तापमानानुसार बदलणाऱ्या रोधावरून कॉइलचे तापमान ओळखतात व ते मर्यादित ठेवतात. लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूच्या तारेचा रोध तापमानाबरोबर फारच थोडा बदलतो, त्यामुळे तिच्यासाठी ही पद्धत उपयोगी पडत नाही.

निकोटीनच्या मात्रेचा विचारही टाकीच्या संदर्भातच करावा लागतो. जास्त शक्तीची टाकी एका झुरक्यात अधिक द्रवाचे एरोसोल करते. त्यामुळे लहान उपकरणासाठी बनवलेला तीव्र निकोटीनचा द्रव अशा टाकीत भरल्यास शरीरात जाणारी मात्रा कितीतरी वाढते.

चाचणीच्या पद्धती

प्रयोगशाळेत एरोसोलची तपासणी झुरके घेणाऱ्या यंत्राने करतात. २०१८ च्या आयएसओ २०७६८ या मानकात ५५ मिलिलीटरचा, तीन सेकंदांचा झुरका दर ३० सेकंदांनी घेण्याची पद्धत ठरवून दिली आहे. विद्युत भागासाठी अमेरिकेत यूएल ८१३९ हे मानक आहे.

चाचणीची परिस्थिती बदलली की निष्कर्षही बदलतात. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना २०१५ मध्ये ५ व्होल्टवर चालवलेल्या उपकरणाच्या एरोसोलमध्ये फॉर्माल्डिहाइड मुक्त करणारी संयुगे आढळली, तर ३.३ व्होल्टवर ती आढळली नाहीत. इतक्या दाबावर वात कोरडी पडून येणारी करपट चव कोणीही सहन करणार नाही, असा आक्षेप इतर संशोधकांनी घेतला. या वादातून एक गोष्ट स्पष्ट झाली: शक्ती, कॉइल, वात आणि हवेचा प्रवाह यांची नोंद नसेल, तर अशा मोजमापांची तुलना करता येत नाही.

विद्युत सुरक्षा

१८६५० घटाचे धातूचे संपूर्ण कवच ऋण अग्र असते आणि फक्त वरची टोपी धन अग्र असते. या दोहोंमध्ये पातळ प्लास्टिकचे वेष्टन व एक कडी एवढेच विद्युतरोधन असते. वेष्टन फाटल्यास किंवा सुटा घट खिशात किल्ल्या व नाण्यांसोबत ठेवल्यास शॉर्ट सर्किट होऊन घट पेट घेऊ शकतो. म्हणून सुटे घट प्लास्टिकच्या डबीत ठेवण्याची शिफारस केली जाते.

दुहेरी उपकरणातील घट एकाच प्रकारचे, एकाच वयाचे आणि कायम जोडीने वापरलेले असावे लागतात. एकसर जोडणीत एक घट दुर्बल असल्यास तो आधी रिकामा होतो आणि दुसरा घट त्याला सुरक्षित मर्यादेखाली ढकलतो. उपकरणातून यूएसबीने चार्ज करताना दोन्ही घट समान पातळीवर आणण्याची सोय परिपथात आहे का, हेही तपासले जाते. घटाच्या आत वायू साचल्यास तो बाहेर पडण्यासाठी कवचाला छिद्रे असणे आवश्यक मानतात, कारण बंदिस्त नळीत तोच दाब स्फोटाचे कारण ठरतो.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २०१७ च्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील ई-सिगारेटच्या आगी व स्फोटांच्या १९५ घटना नोंदवल्या आहेत. त्यांत १३३ जण जखमी झाले, त्यांपैकी ३८ जणांच्या जखमा गंभीर होत्या. पुढे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये अशा स्फोटांनी प्रत्येकी एक मृत्यू झाला.

आरोग्यविषयक परिणाम

उपकरणाची विद्युत रचना निर्दोष असली, तरी त्याचा वापर निरुपद्रवी ठरत नाही. निकोटीन तीव्र व्यसन लावते आणि किशोरवयीनांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. एरोसोलमध्ये ॲसिटाल्डिहाइड, ॲक्रोलीन यांसारखी विघटनद्रव्ये आणि कॉइल व जोडांमधून आलेले निकेल, क्रोमियम, शिसे हे धातू आढळले आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपिंगशी संबंधित फुप्फुसविकाराची साथ पसरली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिच्यात २,८०७ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले वा त्यांचा मृत्यू झाला. मृतांची संख्या ६८ होती. या आजाराचा संबंध प्रामुख्याने गांजातील टीएचसी असलेल्या द्रवांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी आढळला.

जळणाऱ्या तंबाखूच्या धुरापेक्षा एरोसोलमध्ये अनेक विषारी द्रव्ये कमी असतात. या आधारावर ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणा धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या प्रौढांसाठी ई-सिगारेट हा पर्याय मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र तरुणांतील वाढत्या वापराबद्दल चिंता व्यक्त करून कडक नियंत्रणाची शिफारस केली आहे.

कायदेशीर स्थिती

युरोपीय संघात मे २०१६ पासून लागू झालेल्या तंबाखू उत्पादनविषयक निर्देशानुसार निकोटीनयुक्त द्रवाची टाकी २ मिलिलीटरपेक्षा मोठी असू शकत नाही. द्रवाच्या बाटलीची मर्यादा १० मिलिलीटर आणि निकोटीनची मर्यादा प्रति मिलिलीटर २० मिलिग्रॅम आहे.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याची जागा ई-सिगारेट प्रतिबंध कायद्याने घेतली. या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. ही बंदी संपूर्ण उपकरणाप्रमाणेच त्याच्या भागांनाही लागू होते; त्यामुळे टाकी सुटी विकणेही गुन्हा ठरतो. द्रवात निकोटीन नसले तरी उपकरण बंदीच्या कक्षेत येते. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. साठा करण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वैयक्तिक वापरासाठी कायद्यात स्वतंत्र शिक्षा नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासह हा कायदा देशभर लागू आहे.