हिरवळीवरचा जादा फटका

गोल्फ हा बड्यांचा खेळ. आपल्या पारनेर तालुक्यात उन्हाळ्यात जनावरांना चारा मिळण्याची मारामार. तेथे गवताच्या गालिच्यावर खेळायच्या खेळाविषयी लिहावे कशाला, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले असते. पण माझे मामा पुण्यात एका गोल्फ मैदानावर बरीच वर्षे कॅडी होते. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणारा आणि प्रसंगी त्याला सल्ला देणारा माणूस. सुट्टीत त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी जे समजावून दिले, ते येथे मांडतो.

गोल्फच्या एका फेरीत १८ खळगे असतात. प्रत्येक खळग्याभोवती अगदी बारीक कापलेल्या गवताची जागा असते, तिला ग्रीन म्हणतात. तेथे चेंडू उडवायचा नाही, पटर नावाच्या काठीने जमिनीवरून घरंगळत न्यायचा. खळगा सव्वाचार इंच रुंद, चेंडू पावणेदोन इंचांहून किंचित लहान. आपल्या गोट्यांतली गलच म्हणा ना! खेळाच्या हिशेबात दर ग्रीनवर दोन फटके गृहीत धरलेले असतात. तिसरा लागला की तो जादा. आणि गंमत अशी की, अडीचशे यार्ड चेंडू उडवणारा टोला आणि हातभर अंतरावरून केलेला हलका स्पर्श, दोहोंची किंमत एकच!

हा तिसरा फटका येतो कोठून? नवख्याला वाटते, दिशा चुकली. मामांचे म्हणणे वेगळे. ४० फुटांवरून मारताना दिशा चुकली तरी चेंडू फार तर दोन-तीन फूट बाजूला जातो. जोराचा अंदाज चुकला, तर तो आठ-दहा फूट अलीकडे राहतो, नाही तर तितकाच पुढे पळतो. मग दुसरा हुकतो आणि तिसरा मारावा लागतो. म्हणून लांबून मारताना खळग्याचा लोभ धरू नये, चेंडू त्याच्या शेजारी थांबला म्हणजे झाले. फेरी सुरू होण्यापूर्वी चार-सहा लांबचे फटके मारून त्या दिवशीची हिरवळ जोखावी. सकाळच्या दवात चेंडू अडखळतो, तोच दुपारी सुसाट जातो. जवळच्या फटक्याचा नियम निराळा. डेव्ह पेल्झ या अमेरिकन प्रशिक्षकाने प्रयोगांती सांगितले की, हुकलाच तर चेंडू सुमारे १७ इंच पुढे जाईल इतका जोर असावा. अलीकडे थांबलेला चेंडू काही खळग्यात पडत नाही.

राहिला उतार. मामा तरुणपणी आपल्याच तालुक्यात नालाबांधाच्या कामावर खपलेले. राळेगणसिद्धीचे पाणलोटाचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्यांची रीत लगेच कळेल. ते खळग्याच्या खालच्या अंगाला जाऊन उकिडवे बसत आणि म्हणत, "अरे, इथं घागरभर पाणी ओतलं तर कुठं जाईल, तेवढं बघ." चेंडूही तिकडेच वळतो, म्हणून नेम वरच्या बाजूला धरायचा. चेंडू मंदावला की उतार त्याला अधिक ओढतो, तेव्हा खळग्याजवळचे शेवटचे चार-पाच फूट नीट पाहावेत. आणि पहिला फटका शक्यतो खळग्याच्या खाली थांबवावा. चढावर मनमोकळे मारता येते, उतारावर मात्र नुसता धक्का लागला तरी चेंडू पळत सुटतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक चौथी आली. तिची पिशवी तिच्या आईने वाहिली होती. अदितीचे टोले इतरांच्या मानाने आखूड पडत. पण हिरवळीवर ती फटके वाया घालवीत नसे आणि त्याच बळावर ती पदकाच्या दारापर्यंत पोचली. तिचा हिशेब पारपेक्षा १५ कमी, रौप्य आणि कांस्य मिळवणाऱ्यांचा १६ कमी. अंतर अवघ्या एका फटक्याचे!

त्या शनिवारी मामांच्या घरी आम्ही सारे टीव्हीपुढे होतो. ती उतार पाहायला वाकली की मामा पुढे सरकत आणि पाणी कुठल्या अंगाला जाईल, ते आमच्याआधी सांगून मोकळे होत.