तीन मिनिटांचे गाणे

मुलांनो, तुमचे एखादे आवडते गाणे असेलच. ते पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटते, हो ना? अशाच एका गाण्याने एका मुलाचे सारे आयुष्य बदलले.

कर्नाटकातील गदग गावी भीमसेन जोशी नावाचा मुलगा राहत होता. एकदा एका दुकानात त्याने ग्रामोफोनवर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटी रागातील ठुमरी ऐकली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. पण तो सूर भीमसेनच्या मनातून जाईना. आपल्यालाही असेच गाता आले पाहिजे, असे त्याला वाटू लागले.

ऐकून ऐकून चाल पाठ होते. गळा मात्र गुरूशिवाय तयार होत नाही. म्हणून १९३३ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घरातून निघून गेला. घरच्यांना किती घोर लागला असेल! तुम्ही मात्र असे करू नका. ग्वाल्हेर, जालंधर अशा दूरदूरच्या गावी तो फिरला. शेवटी गुरू भेटले ते घराजवळच, कुंदगोळ गावात! त्यांचे नाव सवाई गंधर्व. ते अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य होते.

पुढे गुरूंच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी पुण्यात १९५३ साली संगीत महोत्सव सुरू केला. २००८ साली त्यांना ‘भारतरत्न’ जाहीर झाले.

खाँसाहेबांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. तेथील उरुसात मोठमोठे गवई हजेरी लावतात. भीमसेनही तेथे गाऊन गेले.