अर्जुन, द्रोण आणि एकलव्य

राष्ट्रपतींच्या हस्ते दरवर्षी देशातील निवडक क्रीडापटूंचा व त्यांच्या गुरूंचा गौरव होतो. त्यांची नावे आपल्या विद्यार्थ्यांस मुखोद्गत असतात. परंतु हे बहुमान केव्हा निघाले व कोणास मिळतात, हे फारच थोड्यांस ठाऊक असते. म्हणून त्यांची हकीकत येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

यांतील अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर होते. हे मूळचे सांगलीचे. १९५६ साली परदेशातील आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू तेच. पुढे १९९१-९२ पासून याहून वरचा 'खेलरत्न' हा बहुमान आला व बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद त्याचे पहिले मानकरी ठरले. २०२१ पासून त्यास हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांचे नाव आहे. २०२० साली रकमा वाढल्या, त्या वेळी खेलरत्नासाठी पंचवीस लाख व अर्जुनासाठी पंधरा लाख रुपये ठरले.

निवड कशी होते? मागील चार वर्षांतील कामगिरी मुख्यतः पाहतात. ऑलिंपिक, आशियाई व जागतिक स्पर्धांतील पदकांस गुण असतात, आणि निवड समिती नावांची शिफारस करते. तथापि आधी नाव समितीपुढे यावे लागते. पॅरिस येथे २०२४ साली दोन पदके मिळविणाऱ्या नेमबाज मनू भाकर यांचे नाव खेलरत्नाच्या शिफारशींत नसल्याच्या बातमीने त्या वर्षअखेरीस मोठा गवगवा झाला. अंतिम यादीत ते आले खरे. पण नुसता पराक्रम पुरत नाही, अर्जही वेळेवर भरावा लागतो, एवढे त्या प्रकरणावरून सर्वांच्या ध्यानात आले.

खेळाडूंच्या गौरवानंतर गुरूंकडे लक्ष जावयास मात्र चोवीस वर्षे लागली. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली निघाला. या विलंबाची झळ आपल्या हैदराबादेस विशेष लागली, असे आम्हांस वाटते. येथील सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. भारतीय फुटबॉल संघाचे ते प्रशिक्षक असताना आपण १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकले, आणि १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे आलो. त्यांच्या हाताखाली घडलेले पी. के. बॅनर्जी, सिकंदराबादचे तुलसीदास बलराम, चुनी गोस्वामी यांस एकामागून एक अर्जुन पुरस्कार मिळाले. रहीमसाहेब १९६३ साली वारले. शिष्य अर्जुन ठरले. गुरूस द्रोण म्हणण्याची सोय त्या वेळी नव्हती! याच शहरातील पुल्लेला गोपीचंद यांस मात्र अर्जुन, खेलरत्न व २००९ साली द्रोणाचार्य असे तिन्ही मान लाभले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या सायना नेहवाल व पी. व्ही. सिंधू यांनीही खेलरत्न मिळविले.

द्रोणाचार्यांचे नाव घेताच ज्याचा अंगठा गेला त्याची आठवण कोणासही होईल. शेजारच्या कर्नाटक राज्याने आपल्या क्रीडापुरस्कारास एकलव्याचेच नाव दिले आहे, हे आम्हांस मोठे मार्मिक वाटते.

कारण एकलव्य आपल्याकडेही झाले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे येण्यास १९९६ साल उजाडले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या पराक्रमानंतर नऊ वर्षांनी निघाला. १९८४ साली ते अपघातात निवर्तले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो मरणोत्तर, २००० साली.

अशा जुन्या खेळाडूंसाठी २००२ पासून ध्यानचंद यांच्या नावे जीवनगौरव सुरू झाला. आता तो अर्जुन पुरस्काराचाच भाग आहे. २०२४ सालच्या यादीत त्याखाली मुरलीकांत पेटकर यांचे नाव होते. १९६५ च्या युद्धात जखमी होऊन अपंग झालेल्या या जवानाने १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले होते. त्याच यादीत कोल्हापूरकडील नेमबाज स्वप्नील कुसाळे यांस अर्जुन, व त्यांच्या प्रशिक्षिका दीपाली देशपांडे यांस द्रोणाचार्य पुरस्कार होता. कुसाळे यांचे पदक पाच महिन्यांपूर्वीचे, पेटकर यांचे बावन्न वर्षांपूर्वीचे. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपतिभवनात झालेला समारंभ मात्र दोघांसाठी एकच होता.