खेळावरचा आकडा आणि पालकांचा विवेक

शाळेच्या स्मरणिकेत व्हिडिओ गेम हा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या पिढीचे खेळ म्हणजे विटीदांडू, लगोरी आणि कबड्डी. वसतिगृहात मुलांना मोबाईल वापरण्यास मनाई आहे. तेव्हा हा प्रश्न आपला नव्हे, असाच आमचाही समज होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलाला पोहोचवायला आलेल्या एका मातेने तो दूर केला. हातातील मोबाईल पुढे करून त्या म्हणाल्या, "जय भीम, सर. ह्या गेमवर बारा लिहिलंय. माझा पोरगा तेरा वर्षांचा आहे. मग बचत गटाच्या हप्त्याचे पैसे ह्याने कसे खाल्ले?" त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे शोध घेताना जे उमगले, ते पालक आणि माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या आकड्याची हकीकत पाहू. 1993 साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाइट ट्रॅप' या खेळांतील हिंसाचारावर सुनावणी झाली. सरकार कायदा करील या धास्तीने खेळ बनविणाऱ्या कंपन्यांनी 1994 मध्ये स्वतःच 'ईएसआरबी' हे वयोगट ठरविणारे मंडळ स्थापन केले. युरोपात 2003 पासून 'पेगी' ही पद्धत आली. तिच्यात 3, 7, 12, 16 आणि 18 असे पाच वयोगट आहेत. भारतात चित्रपटांसाठी प्रमाणन मंडळ आहे. प्रत्येक व्हिडिओ गेमला वयोगट देणारे तसे मंडळ मात्र नाही. आपल्या मोबाईलवरील प्ले स्टोअरमध्ये दिसणारा आकडा 2013 साली सुरू झालेल्या 'आयएआरसी' या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून येतो. खेळ बनविणारा एक प्रश्नावली भरतो आणि त्याच्या उत्तरांवरून संगणक आकडा काढून देतो. चुकीची उत्तरे आढळल्यास आकडा नंतर बदलता येतो. परंतु तो आपल्या शासनाने दिलेला नाही, आणि कोणा परीक्षकाने संपूर्ण खेळ खेळून पाहून ठरविलेला असेलच असेही नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा आकडा मुख्यतः खेळ काय दाखवितो ते मोजतो: रक्तपात, शिवीगाळ, नग्नता, व्यसन. खेळ मुलाकडून काय करवून घेतो, हे त्यात पुरेसे येत नाही. जत्रेतील सोरट आपणा सर्वांना ठाऊक आहे. पैसे द्यायचे, चिठ्ठी उचलायची आणि नशिबात असेल ते घ्यायचे. आजच्या अनेक खेळांत 'लूट बॉक्स' नावाची पेटी असते, ती याच सोरटाची धाकटी बहीण होय. पैसे भरल्यावर पेटी उघडते. आत हवी ती वस्तू नसली की मूल पुन्हा पैसे भरते. चित्रात रक्ताचा थेंब नसतो, पण घरातील हप्ता जातो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. द्रव्यहानी हा त्यांपैकी एक. अडीच हजार वर्षांनंतर तो जुगार मुलांच्या रंगीत खेळात शिरला आहे.

वयोगटाचे भवितव्य याच प्रश्नाशी जोडलेले आहे. बेल्जियमने 2018 साली पैसे घेऊन उघडणाऱ्या अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणले. जर्मनीत 2023 पासून वयोगट ठरविताना खरेदीचा दबाव आणि अनोळखी व्यक्तींशी होणारे संभाषण यांचाही विचार होतो. ऑस्ट्रेलियात सप्टेंबर 2024 पासून खऱ्याखुऱ्या जुगाराची नक्कल करणाऱ्या नव्या खेळांना केवळ प्रौढांचा वर्ग दिला जातो. आपल्या संसदेने 2025 मध्ये केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. हे पाऊल मोठे आहे. तथापि कोणता खेळ कोणत्या वयासाठी, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

यावर अनेक पालक सोपा उपाय सुचवितात: सरसकट बंदी. तिचाही इतिहास तपासला पाहिजे. मार्च 2019 मध्ये राजकोट येथे पबजी खेळणाऱ्या तरुणांना पोलिसांनी अटक केली. सप्टेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने तो खेळ देशभर बंद झाला आणि 2021 मध्ये जवळजवळ तसाच खेळ नव्या नावाने परतला. दक्षिण कोरियाने 2011 पासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर ऑनलाइन खेळण्यास मनाई केली होती. दहा वर्षांनी तो कायदा त्यांनीच मागे घेतला. चीनमध्ये 2021 पासून अल्पवयीन मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशीच, तेही एक तास, ऑनलाइन खेळता येते. त्यासाठी खेळणाऱ्याची खरी ओळख नोंदवावी लागते. मुलाच्या रक्षणासाठी प्रत्येकाची नोंद ठेवणारी यंत्रणा उद्या कोणाच्या हाती जाईल, हा विचार नागरिकाने केलाच पाहिजे.

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांला सर्वांत बोलके वाटते ते जर्मनीचे उदाहरण. नाझी चिन्हांवरील बंदीमुळे 'वुल्फेन्स्टाइन 2' या 2017 सालच्या खेळाच्या जर्मन आवृत्तीतून स्वस्तिके काढण्यात आली. हिटलरची मिशीसुद्धा पुसली गेली. खेळ नाझींविरुद्धच्या लढ्याचा होता, पण चिन्ह झाकताना गुन्हेगाराची ओळखच झाकली गेली. चित्रपटांना कलाकृती म्हणून जी सवलत होती, ती 2018 मध्ये खेळांनाही मिळू लागली. उद्या आपल्यातील एखाद्या माजी विद्यार्थ्याने महाडच्या चवदार तळ्यावरील 1927 सालच्या सत्याग्रहावर खेळ बनविला, तर त्यात अस्पृश्यतेचा अपमान आणि सत्याग्रहींवर झालेला हल्ला दाखवावाच लागेल. ते दृश्य 'आक्षेपार्ह' ठरवून कापले, तर उरेल काय? योग्य वयोगट दिला, तर तोच खेळ वर्गात शिक्षकासह पाहता येईल.

छाटणीचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. महाराष्ट्र शासनाने 1987 मध्ये प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम' या खंडातील परिशिष्ट वगळावे, अशी मागणी झाली, तेव्हा 1988 मध्ये आपला समाज लाखोंच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरला होता. संविधानाचा अनुच्छेद 19 अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो आणि त्यावरील वाजवी मर्यादाही सांगतो. मुलांचे रक्षण ही वाजवी मर्यादा आहे. कोणाच्या तरी भावनांसाठी इतिहास पुसणे ही नव्हे. म्हणून पुढे आपल्या देशात खेळांचे वयोगट ठरविणारे मंडळ आलेच, तर त्याने पैसे उकळण्याच्या युक्त्यांवर कठोर व्हावे, विचारांच्या बाबतीत उदार राहावे, आणि त्याच्या सूचना मराठीसह सर्व भारतीय भाषांत ठळक छापाव्यात, असे आम्हांस वाटते. त्या मंडळावर शिक्षक, बालमानसतज्ज्ञ आणि वंचित समाजांचे प्रतिनिधी असावेत.

तोवर घरी काय करावे? त्या ताईंना आम्ही पुढच्या भेटीत सांगितले ते असे. आकडा पाहावाच, पण त्याखालील बारीक अक्षरेही वाचावीत किंवा कोणाकडून वाचून घ्यावीत. खेळात खरेदी आहे का, अनोळखी माणसे बोलू शकतात का, हे तेथे लिहिलेले असते. खरेदीसाठी संकेतशब्द लावावा आणि बँकेचा पिन मुलाला सांगू नये. सर्वांत शेवटी, एकदा मुलाशेजारी बसून तो खेळ स्वतः पाहावा. ताई हसून म्हणाल्या, "सर, मला ते इंग्रजी कुठं वाचता येतं?" त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता. त्याने मोबाईल हातात घेतला आणि त्या बारीक ओळींचा एकेक शब्द मराठीत करून तो आईला सांगू लागला. पैशांच्या ओळीशी आल्यावर त्याचा आवाज खाली गेला. पण ती ओळ त्याने पूर्ण वाचली.